बावनवेशीचं पाणी

छापून आलेल्या जगात खेळ चालवणाऱ्या डीएमने ढवळाढवळ करू नये, या मताची मी बरीच वर्षं होते. त्यामागे आदर होता. एड ग्रीनवुड या कॅनडातल्या ग्रंथपालाने लहान असताना, १९६७च्या सुमारास, फर्गॉटन रेल्म्सचं जग स्वतःच्या गोष्टींसाठी रचायला घेतलं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तेव्हा अस्तित्वातही नव्हता; गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४मध्ये आणला. पुढे १९८७मध्ये ग्रीनवुडचं जग पेटीबंद होऊन दुकानांत पोचलं, तेव्हा त्या नकाशांमागे वीस वर्षांचा ध्यास होता. असं जग हाती आलेलं असताना सिडकोतल्या एका हॉलमध्ये बसून त्यातली नदी इकडची तिकडे करणारी मी कोण, असं मला मनापासून वाटायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांगतो, त्यातली माणसं आणि संकटं चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राने काय करायचं ते ठरवतात. जिथे निकाल अनिश्चित, तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या अशा एका सलग गोष्टीला कॅम्पेन म्हणतात आणि ती ज्या जगात घडते त्याला सेटिंग.

माझ्या टेबलावर वाळूजच्या एका कंपनीत शिफ्ट करणारा एक जण आहे, एक मेडिकल स्टोअर चालवणारा, एक विद्यापीठात पाली शिकणारा आणि एक कॉलेजातली मुलगी. सगळे मला ताई म्हणतात. रेल्म्समधल्या वॉटरडीप शहराचे वॉर्ड मला तोंडपाठ होते आणि कुणी काही वेगळं सुचवलं की माझं उत्तर ठरलेलं असे : पुस्तकात तसं नाही. या हट्टाला कारणं होती. छापील जग सामायिक असतं. पुण्यातला आणि टोरांटोतला खेळाडू एकाच नेव्हरविंटरबद्दल बोलू शकतो. दुसरं, चांगलं जग विणलेलं असतं, त्यातला एक धागा ओढला की दहा ठिकाणी उसवतं. आणि तिसरं कारण सगळ्यांत खोल होतं. ‘देशी’ केलेल्या ज्या कॅम्पेन मी पाहिल्या होत्या त्यांत ऑर्कला राक्षस म्हटलेलं होतं, टॅव्हर्नला खानावळ, सोन्याच्या नाण्याला मोहर. बाकी सगळं जसंच्या तसं. ती खानावळ मात्र कुठल्याही गावातली नव्हती. हे तिसरं कारण मला आजही पटतं. बाकीच्या दोन कारणांवरचा माझा विश्वास उडाला, तो पाण्यामुळे.

एका उन्हाळ्यात मी खेळाडूंना दुष्काळी गावात नेलं होतं. गाव रेल्म्समधलंच, पुस्तकाला धरून. एकच विहीर, दोन कुळं, विहिरीवरून जुनं वैर. पुढची अनेक सेशन त्यावर चालावीत अशी माझी तयारी होती. वाळूजवाल्याचं पात्र क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र चालवणारं. त्याने मंत्रांची यादी पाहिली आणि म्हणाला, “ताई, मी पाणी बनवतो की.” ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ हा पहिल्या पातळीचा मंत्र. भांडं समोर ठेवायचं, दहा गॅलन स्वच्छ पाणी तयार. दहा गॅलन म्हणजे अडतीसेक लिटर. पुस्तकाच्या हिशेबाने माणसाला दिवसाला एक गॅलन पुरतं, आणि अगदी नवख्या क्लेरिकलाही हा मंत्र दिवसातून दोनदा म्हणता येतो. म्हणजे एक पोरसवदा पुजारी वीस माणसांची तहान रोज भागवतो, फुकट. नियमात तो शंभर टक्के बरोबर होता. माझं दुष्काळी गाव पाच मिनिटांत संपलं.

मग त्याने विचारलं, “म्हणजे या जगात पाण्यावरून भांडणच होत नसणार?”

त्या रात्री खेळ पुढे गेला नाही, गप्पाच झाल्या. खोली भाड्याने घेताना आधी “नळ किती दिवसांनी येतो” हे विचारणारी आम्ही माणसं. टँकरचा नंबर, गच्चीवरच्या टाक्या, पाण्याच्या दिवशी कुणी सुट्टी घ्यायची यावरून घरात होणारी धुसफूस, शेजारणीने मोटर लावली की आपल्याकडे गळणारी धार. पैठणला नाथसागर एवढा पसरलेला, आणि तिथलं पाणी चढावर उपसून शहरात आणायचं म्हणजे काय लागतं, हे आम्ही रोजच्या अनुभवातून जाणत होतो. पाण्याबद्दल टेबलावरच्या सगळ्यांना त्या संपूर्ण छापील जगापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं खेळात कुठेच उपयोगी पडत नव्हतं. माझ्या आदराला तडा गेला तो इथे. मी ज्याला निष्ठा समजत होते, तिच्यापायी माझे खेळाडू आपलं सगळ्यांत पक्कं ज्ञान दाराबाहेर चपलांपाशी काढून आत येत होते.

म्हणून मी एक मंत्र बदलला. फक्त एकच. पाणी निर्माण होत नाही, ओढलं जातं : सगळ्यांत जवळचा जो साठा असेल, विहीर, आड, हौद किंवा कुणाचा रांजण, तिथून ते नाहीसं होतं आणि तुमच्या भांड्यात येतं. मंत्र म्हणणाऱ्याला ते कुठून आलं हे कळत नाही.

या एका ओळीने जग फिरलं. पुढच्या वेळी क्लेरिकने ऐटीत हंडे भरून दिले आणि पार्टी, म्हणजे सगळ्या पात्रांची टोळी, पुढच्या वस्तीवर गेली, तर तिथे एक म्हातारी रिकाम्या रांजणाशी बसलेली. रात्री झाकून ठेवलेलं पाणी सकाळी नाही. तिने कुणावर आरोप केला नाही. सुनेलाच बोलत होती. टेबलावर कुणीच काही बोलेना. वाळूजवाल्याने पात्राचा कागद उलटा करून ठेवला. तेव्हापासून मंत्र म्हणण्याआधी प्रश्न ठरलेला : जवळ कोण राहतं? पाणीवाले पुजारी ठेवणारे जमीनदार, आपल्या विहिरीभोवती मंत्र अडवणारी कुंपणं, पाणी चोरल्याच्या संशयावरून हाकलले गेलेले निरपराध साधू, हे सगळं मी लिहिलेलं नाही. त्या एका नियमातून खेळाडूंनी ते काढलं.

आणि मग मला नहर आठवली. ज्या शहरात मी राहते ते मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी गावी वसवलं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि राजधानी करायची म्हणून त्याने या कोरड्या पठारावर आधी पाणी आणलं. उत्तरेच्या डोंगरांतला पाझर जमिनीखालच्या कालव्यांत गोळा करायचा, उतारावर आपल्या वजनाने वाहू द्यायचा, दगडी आणि मातीच्या नळांतून शहरभर फिरवायचा. पाणचक्कीत आजही भिंतीवरून हौदात पडणारं पाणी अशाच जमिनीखालच्या वाटेने येतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ती चक्की तिथल्या फकिरांसाठी दळण दळायची. लहानपणापासून मी ती पाहत आले. आता मात्र मी तिथे नकाशा बघावा तशी उभी राहिले. जमिनीखाली माणूस वाकून चालेल असे कालवे, मध्ये मध्ये वर उघडणारी तोंडं, उंच मनोरे, आणि वर सगळं शहर त्या एका धारेवर जगणारं. याहून चांगलं डंजन कुणी काढून दिलं असतं?

माझ्या कॅम्पेनच्या शहराचं नाव बावनवेस. दरवाजांवरून ते पडलं, कॉलेजातल्या मुलीने सुचवलं. तिथे नहरीची देखभाल करणारा एक संघ आहे. कुठलं तोंड कधी साफ करायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचा, म्हणून राजापेक्षा त्यांचा वचक मोठा. खेळाडू पहिल्यांदा नहरीत उतरले तेव्हा आत एकही राक्षस नव्हता. गाळ होता, एका ठिकाणी मुद्दाम फोडलेला नळ होता, आणि ज्या मोहल्ल्याला त्या फुटीतून पाणी मिळत होतं तिथली मुलं वर खेळत होती. नळ बुजवायचा की नाही, यावर आमचं पूर्ण सेशन गेलं.

वर म्हटलेली खानावळ मी या जगातही आणली नाही, हे सांगायला हवं. बदल करायचा तर तो नियमात उतरला पाहिजे, पाटी रंगवून भागत नाही. देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, १२९६च्या वेढ्याची एक हकीकत आपल्याकडे सांगतात : किल्ल्यात धान्य म्हणून साठवलेल्या गोण्या उघडल्या तेव्हा त्यांत मीठ निघालं, आणि अभेद्य किल्ला भुकेने पडला. मी ती उचलली ती एवढ्यासाठी की माझ्या खेळाडूंनी आजवर साठ्याची गोणी कधी उघडून पाहिली नव्हती. आता पाहतात.

प्रवासाचंही तसंच झालं. रेल्म्समध्ये षटकोनी घरांचा नकाशा असतो, दिवसाला चोवीस मैल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात आपलं पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तगर, म्हणजे तेर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर. त्या काळचा व्यापारी अंतर दिवसांत मोजायचा, कारण वाटेत काय गाठ पडेल त्यावर दिवस ठरत. मी नकाशा काढून टाकला आणि दिवस ठेवले. मग प्रश्न आला की वाटेत गाठ पडणार काय.

याचं उत्तर पाली शिकणाऱ्या मुलाने दिलं. तो म्हणाला, “ताई, यादी तयारच आहे की, आपल्या लेण्यांत.” विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं. दाराच्या डाव्या अंगाला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ छोटे चौकोन कोरलेले. आग. तलवार उगारलेला वैरी. बेड्या. बुडती नाव. सिंह. साप. पिसाळलेला हत्ती. आणि शेवटी आईपासून मूल ओढून नेणारा मृत्यू. वाटेवरच्या माणसाची आठ भयं, सहाव्या शतकाच्या आसपास दगडात लिहिलेली. आमच्या डब्यात आठ बाजूंचा फासा होताच.

पण त्या चौकोनांपुढे उभं राहून नीट पाहिलं तर त्यांत एक गोष्ट दिसते जी कुठल्याही मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात, नाही. त्यांतली माणसं लढत नाहीत. हात जोडून हाक मारतात, आणि वाचतात. आमच्या खेळात वाटेवरचं संकट मारायचं असतं. मारलं की अनुभवाचे गुण मिळतात. मी तो नियम फिरवला. आठ भयांतून जो सगळ्यांना घेऊन निसटला त्याला गुण. मारण्याला काही नाही. अवलोकितेश्वराला मात्र मी टेबलावर आणलं नाही. भयं घेतली, तारणारा लेण्यातच राहू दिला.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण खेळात सगळं चालतं असं मी एकेकाळी मानत होते. १९८०च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात ग्रीक आणि नॉर्स देवांसोबत इंद्र, वरुण, विष्णू यांच्याही नोंदी आहेत. प्रत्येकाला हिट पॉइंट, प्रत्येकाला चिलखताचा आकडा. विष्णूला किती जखमा झाल्या म्हणजे तो पडेल, याचा हिशेब. ते वाचताना मला कधी काही खटकलं नव्हतं. माझ्या टेबलावर मात्र कुणी वारीला जाणाऱ्या घरातला आहे, कुणाच्या घरी रोज बुद्धवंदना होते, कुणी खुल्दाबादच्या उरुसाला जातो. त्यांच्यासमोर ज्याची पूजा होते त्याला आकडा लावायचा नाही, हा नियम मी कॅम्पेनच्या पहिल्या पानावर लिहिला. इतिहासाचंही थोडं तसंच. शहराचं नाव २०२३मध्ये अधिकृतपणे बदललं आणि टेबलावर दोन्ही नावं बोलली जातात. ज्यांच्या नावांवरून घराघरांत आवाज चढतात त्यांची पात्रं मी केली नाहीत. मलिक अंबरसुद्धा बावनवेशीत नाही. त्याची नहर आहे. काही जणांना हा भित्रेपणा वाटेल. मला वाटतं, माणसं निर्धास्त बसली तरच पाण्यासारख्या अवघड गोष्टीवर खरं भांडतात.

पैठणबद्दल लिहिल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही. विक्रम आणि वेताळ आपण सगळे ‘चांदोबा’तून शिकलो, पण अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त हा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. सोमदेवाने ज्या ‘बृहत्कथे’वरून लिहिलं तिचा कर्ता गुणाढ्यही परंपरेने पैठणच्या सातवाहन दरबारातला. माझ्या घरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर हे सगळं घडलं असं मानलं जातं, आणि मी वॉटरडीपचे वॉर्ड पाठ करत होते. आणि वेताळाची अट पाहा. प्रेत खांद्यावर असताना राजा बोलला की वेताळ परत झाडावर. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोकं फुटेल. हा खेळाचाच नियम आहे, आणि त्यात फाशाला जागा नाही. पूर्वी मी इथे सरळ फासा टाकायला लावला असता : मनोनिग्रह, पंधराच्या वर आला तर गप्प राहिलास.

आता मी म्हटलं, ज्याने प्रेत उचललं त्याने, पात्राने नव्हे, खेळाडूने, स्मशान येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. प्रेत उचललं मेडिकलवाल्याने, जो आमच्यात सगळ्यांत बोलका. मी वेताळ होऊन गोष्ट सांगितली. एकाने विहीर खोदली आणि पाणी लागायच्या आत मेला. दुसऱ्याने ती आणखी हातभर खणली आणि पाणी लागलं. तिसरीने वर्षानुवर्षं त्यातला गाळ काढला, पण तिला पाणी भरू देत नव्हते. विहीर कुणाची? तो ओठ आवळून बसला. चहा आला, त्याने खुणेने साखर मागितली. बाकीचे आपसात वाद घालू लागले, कुणी म्हणालं खोदणाऱ्याच्या वारसांची. त्याचा चेहरा लाल होत गेला. शेवटी टेबलावर हात आपटून तो ओरडला, “अरे, जिने गाळ काढला तिची!” वेताळ गेला झाडावर. त्याला पुन्हा पहिल्यापासून चालावं लागलं आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो अजूनही त्या उत्तरावर ठाम आहे.

ग्रीनवुडबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही. त्याच्या जगात सेंबिया नावाचा प्रदेश सुरुवातीला डीएमसाठी मुद्दाम मोकळा ठेवलेला होता. इतकी वर्षं मी त्या मोकळ्या जागेवरून नुसतं बोट फिरवत गेले. अलीकडे या खेळाच्या छापील पुस्तकांतही आपल्याकडची माणसं आली : २०२१मध्ये अजित जॉर्जने रेवनलॉफ्ट या सेटिंगमध्ये कालाकेरी हा प्रदेश रचला, २०२२मध्ये मिमी मंडलने बंगालच्या नद्यांवरून मणिवर्षची गोष्ट लिहिली. आणि २०२३च्या जानेवारीत खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, म्हणजे माझा तो बदललेला मंत्र मी मराठीत लिहून कुणालाही देऊ शकते. देतेही.

एक जण अजून माझ्या बाजूची नाही, ती कॉलेजातली मुलगी. तिचं म्हणणं असं : “ताई, दौलताबाद मी बसमधून बघतेच. मला बर्फ हवाय, एल्फ हवाय.” हे म्हणणं मी हलकं घेत नाही. दूरच्या जगाची ओढ हेच तर माझ्याही या खेळात येण्याचं कारण होतं, आणि ती कुणाकडून काढून घेण्याचा मला अधिकार नाही. म्हणून तिचा एल्फ बावनवेशीत आहे, भडोचच्या जहाजातून आलेला, थंडीची आठवण काढणारा, इथलं ऊन न सोसणारा.

आता पार्टी देवगिरीसारख्या एका किल्ल्याच्या पायथ्याशी आलीय. कातळात खोदलेला खंदक, तासलेला उभा कडा, आत जायला एकच वाट आणि तीही अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारातून. खऱ्या दौलताबादची अंधारी जे चढलेत त्यांना तो वटवाघळांचा वास आणि पायाखालच्या ओबडधोबड पायऱ्या ठाऊक आहेत. अडचण अशी की पुस्तकातल्या एल्फला अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं. मग अंधारी कसली? मी वहीत नियम लिहिला होता : या किल्ल्यात अंधारातली नजर चालत नाही.

कॉलेजातल्या मुलीने तो वाचून हरकत घेतली. म्हणाली, किल्ला बांधणाऱ्यांना माझे डोळे काढून घ्यायची गरज पडली नव्हती. अंधारीच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवून ते भुयारात धूर सोडायचे, आणि धुरात एल्फलाही दिसत नाही, हे पुस्तकातच आहे. नियम बदलायचाच कशाला, किल्ला आहे तसा ठेव ना.

ती बरोबर आहे. मी ती ओळ खोडली. रविवारी तिचा एल्फ मशाल न घेता सगळ्यांच्या पुढे चालणार आहे, आणि वरच्या पहारेकऱ्यांकडे किती वेळ पुरेल इतकं सरपण असावं, ते मला तोवर ठरवायचंय.